मोठ्या टोपांची माणसं

२१ फेब्रुवारी १९८८, रविवार

दादाचा तेरावा झाला. पाहुणे तीनच्या बसने गेले. मांडवाचे बांबू अजून उभे आहेत.

लिहायची सवय नाही. टपालाच्या नोंदी सोडल्या तर मी कधी काही लिहिलं नाही. पण बोलायचं कोणाशी? बायको मंदा म्हणते, तुम्ही रडलाही नाहीत. खरं आहे.

दादाला मूलबाळ नाही, म्हणून सगळं मीच केलं. डोकं मीच भादरलं. आरशात पाहिलं तर लहानपणचा दादा दिसला. उवा झाल्या की आई दोघांनाही गुळगुळीत करायची.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आज टपालाच्या थैलीत पंचवीस पत्रं. त्यात एक रजिस्टर पाकीट, कारखान्याचं. पत्ता - श्रीमती शालू रामनाथ, मु. एडवण. म्हणजे आमचंच घर. आमच्याच ओटीवर पोस्ट, आणि आतल्या खोलीत वहिनी. तरी नियम तो नियम. पोचपावती घेऊन आत गेलो आणि त्यांची सही घेतली. त्यांनी विचारलं, "काय हाय, भावोजी?"

मी वाचून दाखवलं. अपघाताचा अहवाल. मराठीतच आहे. चौथी ओळ अशी.

'मयत इसम कामावर असताना मद्याच्या अमलाखाली होता व त्याने स्वतःच्या निष्काळजीपणाने अपघात ओढवून घेतला.'

 वहिनी म्हणाल्या, "परत वाचा." परत वाचलं.

दादा पीत नसे. बाप पिऊन मेला, तेव्हापासून दादाने ताडीसुद्धा तोंडाला लावली नाही. लग्नाकार्यात लोक आग्रह करायचे - अरे रामनाथ, घोटभर! तो हात जोडायचा. सगळ्या एडवणला माहीत आहे. दवाखान्याच्या कागदावर फक्त भाजल्याचं लिहिलंय. मग हे कुठून आलं?

२४ फेब्रुवारी

वहिनी सकाळी ओटीवर आल्या. मी शिक्के मारत होतो. म्हणाल्या, "मला त्यांचं काय नको. तेवढा शब्द काढून आणा."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं!

१ मार्च, मंगळवार

थैली मंदाच्या हवाली केली आणि बोईसरला गेलो. पालघरपर्यंत एस.टी., पुढे दुसरी एस.टी. कारखान्याच्या फाटकावर बिहारचा एक पहारेकरी आहे. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि पाणी दिलं. "किसका हुआ, बाबा?" म्हटलं, भाई. "अच्छा, वो रामनाथवाला." त्याने मान खाली घातली.

आत वाट पाहायच्या खोलीत बसवलं. गुबगुबीत खुर्च्या. बसलो तर पाय जमिनीला नीट टेकेनात, म्हणून कडेवर बसलो. साडेचार तास. मोठे साहेब मीटिंगमध्ये. मग मोठे साहेब जेवायला. मग मोठे साहेब मुंबईला.

समोर भिंतीवर काचेत लावलेलं इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण. फोटोत सात-आठ माणसं फीत कापताना. नवा विभाग सुरू झाला तेव्हाचं. तारीख ३० जानेवारी. त्यानंतर दहाच दिवसांनी त्याच विभागात दादा गेला. वरचा मथळा चार तास वाचत होतो. सगळे शब्द कळले, एक सोडून - बिगविग. बिग म्हणजे मोठा. विग काय ते कळेना. हातावर स्पेलिंग उतरवून घेतलं.

६ मार्च, रविवार

महादू न्हावी वाटेत भेटला. म्हणाला, केस फुटले हो भाऊ, आता टोपी नको तुम्हाला.

डोक्याला हात लावला. खरखरीत लागलं. मला एकदम राग आला. कशाचा ते सांगता येत नाही. पंधरा दिवसांत केस परत आले! जणू काही झालंच नाही.

त्याच्याच ओट्यावर बसलो. म्हटलं, काढ.

"परत? आता कोन?"

म्हटलं, तोच.

त्याने वस्तरा हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं - तो शब्द जात नाही तोवर दर पंधरा दिवसांनी काढायचे. महादू म्हणाला, "भाऊ, असा कोन करत नाय. सुतक फिटला. आता केला तर घराला लागतो." तरी त्याने काढले. हात हळू चालत होता त्याचा.

मी असं काही करीन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

७ मार्च

मंदा बोलत नाही. वहिनींनी डोक्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

९ मार्च, बुधवार

बोईसरजवळ सालवडला गेलो. दादा आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायचा, सुटीला घरी यायचा. खोलीत त्याच्याबरोबर देवू. कोळ्यांचा पोरगा, सातपाटीकडचा, त्याच विभागात कामाला. अपघाताच्या दिवशी दोघं एकाच पाळीत होते. दुपारची पाळी. पाहिलं असेल तर त्यानेच.

दादाचा पितळी तांब्या त्याने घासून ठेवला होता. चहा केला. मी विचारलं, देवू, दादा प्यायला होता का रे? नव्हता, एवढंच लिहून दे.

चहा ओतता ओतता थांबला. "भाऊ, मला काय इचारू नका. मी खाली व्हतो."

"पण वास तरी -"

"त्या जागी कसला वास येतो ते तुमाला नाय म्हाईत."

नोकरीची भीती असणार. नवं लग्न झालंय त्याचं. मी रागावलो नाही. निघताना तो पाया पडला. का पडला?

१४ मार्च, सोमवार

डोक्याची गोष्ट गावात पसरली. पण मला एक कळलं नव्हतं, ते आज कळलं. वरच्या आळीतल्या चंद्रकांताबाईंच्या घरी पत्र द्यायला गेलो. त्यांचा मुलगा जहाजावर आहे. दारात मला पाहिलं आणि खालीच बसल्या. हातात पत्र, डोकं ताजं भादरलेलं! त्यांना वाटलं तार. मी ओरडलो, अहो खुशालीचं आहे, खुशालीचं! पत्र उघडून वाचून दाखवलं. पाणी पिऊन मग म्हणाल्या, "भाऊ, तुज्या पाया पडते, असा दारात येत नको जाऊ."

आता मी कुंपणाबाहेरून हाक मारतो - खुशाली आहे! तिथूनच. मग जवळ जातो.

१६ मार्च

हातावर लिहिलेला शब्द केव्हाच पुसला गेला होता, पण स्पेलिंग डोक्यात होतं. वामन गुरुजींकडे गेलो. पालघरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून आता वाडीत चिकू राखत बसलेत. शब्द सांगितला तर एवढे खूश झाले! जाड शब्दकोश काढला. अजून एक पुस्तक काढलं. चहा सांगितला.

बिगविग म्हणजे बडी माणसं. वजनदार माणसं. ज्यांच्या शब्दावर कामं होतात ती. "एवढंच हवंय की पुढचं पण?" म्हटलं, पुढचं काय? "अरे, शब्दाला आईबाप असतात की नाही!"

विग म्हणजे केसांचा टोप. तीनेकशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या एका राजाला ऐन तारुण्यात टक्कल पडलं. त्याने टोप घातला. राजाने घातला म्हणून दरबाऱ्यांनी घातला. मग ती चाल इंग्लंडला गेली. टोप महाग. जेवढा मोठा टोप तेवढा मोठा माणूस. खांद्यावर, छातीवर, पार कमरेपर्यंत केस! माणसाचे, घोड्याचे, मिळतील त्याचे. वरून पांढरी भुकटी. चोर भर रस्त्यात टोप पळवायचे. त्यांच्या न्यायाधीशांनी तो अजून सोडलेला नाही. मग सामान्य लोक अशा माणसांना चेष्टेने म्हणू लागले - ते बघ, मोठा टोप चालला. तिथून हा शब्द आला.

"आणि खाली काय असेल, सांग?" गुरुजी डोळे मिचकावून म्हणाले. म्हटलं, डोकं. "अरे, टोप नीट बसायला आणि उवा होऊ नयेत म्हणून डोकं सफाचट करायचे! टोप काढला की सगळे तुझ्यासारखे. आपल्याकडे माणूस गेला की भादरतात, त्यांच्याकडे माणूस मोठा झाला की."

मी हसलो. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. मग लाज वाटली.

गुरुजी दारापर्यंत आले. म्हणाले, "ते साहेब भेटतील तेव्हा मनातल्या मनात त्यांचा टोप काढ. भीती जाते. आमच्या तपासणी अधिकाऱ्यांपुढे मी हेच करायचो."

२१ मार्च

पाडवा झाला. गुढी नाही. सगळ्या आळीत आमचंच घर तेवढं रिकामं.

महादूकडे जाऊन आलो. आता तो काही विचारत नाही. शेवटी टाळूवर पाणी मारतो आणि म्हणतो, उठा.

२२ मार्च, मंगळवार

बोईसर. मोठे साहेब नाहीत. पहारेकरी म्हणाला, "टकले बाबा, फिर आ गये?" वाईट नाही म्हणाला. तो चेष्टा करतो म्हणून तिथे बसवतं तरी.

त्या खोलीत बसून कात्रणातल्या एकेका माणसाचा टोप काढत बसलो. सगळे टकले केले. फीत हातात धरून उभे टकले. गंमत वाटली जराशी. मग वाटलं, मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, हे काय करतोय!

साहेबांच्या हाताखालच्या एका बाईंनी अर्ज घेतला. म्हणाल्या, अहवाल बदलत नसतो. छापून गेला की गेला. तुम्ही उगाच येता.

५ एप्रिल, मंगळवार

बोईसर. नाहीत.

मामेबहिणीच्या मुलीचं लग्न आहे, पत्रिका आली नाही. म्हणजे आली, पण मंदाच्या नावाने. मीच शिक्का मारला तिच्यावर.

११ एप्रिल

वहिनी आज म्हणाल्या, "पुरे करा आता."

पानवेलींना पाणी घालत होतो. मागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. म्हणाल्या, "तुमचा डोका बघितला का मला रोज दहावा वाटतो. रोज! इतर बायांना एकदाच येतो."

मला वाटलं होतं मी त्यांच्यासाठी करतोय.

म्हटलं, वहिनी, तुम्हीच म्हणालात ना, शब्द काढून आणा. त्या म्हणाल्या, "म्हटलं. बाई म्हणते हो. तेव्हा मला वाटलं, बोईसरला गेला का होतं." मग म्हणाल्या, "ते प्यायले नव्हते ते मला म्हाईत हाय. मला म्हाईत हाय तेवढा बास नाय का?"

 बादली भरून वाहत होती.

बास नाही. तो कागद कुठेतरी कपाटात राहील. आम्ही सगळे जाऊ, आणि कोणी काढून वाचेल - दारुड्या होता. बाप गेला तेव्हा हेच म्हणाले लोक, आणि ते खरं होतं. दादाने सगळं आयुष्य ते पुसण्यात घालवलं.

१५ एप्रिल

आज काही नाही. ऊन फार.

१९ एप्रिल, मंगळवार

बोईसर. साहेब होते! काचेतून दिसले. केस काळेभोर, दाट. फोनवर हसत होते. तीन तास बसलो, पण बोलावलं नाही. निघताना जिन्यात समोरासमोर आले. मी वाट द्यायला भिंतीला चिकटलो. टोपी काढली.  ते 'हां हां' म्हणत खाली उतरून गेले.

टोप काढ म्हणाले होते गुरुजी. मी माझीच टोपी काढली.

२० एप्रिल

काहीच होणार नाही. मला ते कळतंय. तरी महादूकडे जाऊन आलो.

२८ एप्रिल, गुरुवार

आश्चर्य! कारखान्याचं पत्र आलं, माझ्या नावाने. उद्या अकराला मोठ्या साहेबांनी भेटायला बोलावलं आहे.

मंदाला दाखवलं. तिने दोन महिन्यांत पहिल्यांदा माझा सदरा इस्त्री केला.

२९ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहून ठेवतो. एकही गोष्ट सुटायला नको.

फाटकात ठाण्याहून आलेल्या कारखाना तपासनिसाची सरकारी जीप उभी. पहारेकरी म्हणाला, तीन दिन से जाँच चल रही है, सब का दिमाग खराब है. आणि आज मला फाटकावर थांबवलंच नाही. थेट वर.

खोलीत गारवा, थंडगार. साहेब उठून उभे राहिले! बसा म्हणाले. आपलं मराठी बोलतात, स्वच्छ. मी बसलो. पूर्ण बसलो, कडेवर नाही. त्यांच्या केसांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हा टोप आहे. खाली हा माणूस माझ्यासारखाच आहे. आणि बोललो. मी बोललो! म्हटलं, साहेब, माझा भाऊ दारू पीत नव्हता. आमचा बाप दारूने गेला. त्याने कधी शिवली नाही. तुमच्या कागदात खोटं लिहिलंय. ते काढा.

'खोटं' म्हटलं मी त्यांना, तोंडावर.

ते रागावले नाहीत. विचारलं, "हे डोकं?" सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतके दिवस माझ्यापर्यंत कोणी आणलंच नाही हो हे. तुमची खात्री आहे ना पण? उद्या कोणी विचारलं तर तुम्ही ठामपणे सांगाल?"

म्हटलं, देवाशपथ सांगीन. कोणालाही सांगीन.

त्याच बाईंना बोलावलं. अहवाल बदलत नसतो म्हणाल्या होत्या त्याच. दहा मिनिटांत नवा कागद टाईप होऊन आला. 'मयत इसम मद्याच्या अमलाखाली नव्हता. पूर्वीचा उल्लेख गैरसमजातून झाला होता.' खाली माझं निवेदन - मयताचा सख्खा भाऊ या नात्याने मी खात्रीपूर्वक सांगतो की त्या दिवशी मद्याचा काहीही संबंध नव्हता. त्याखाली माझी सही. त्याखाली त्यांची.

हात मिळवला. म्हणाले, "आता केस वाढू द्या."

बसमध्ये कागद चार वेळा वाचला. पालघरला उतरलो आणि स्टँडवरच्या बाकावर बसून रडलो. लोक बघत होते. बघू देत.

गुरुजींना सांगायला हवं. टोप काढला!

३० एप्रिल

वहिनींनी कागद वाचला नाही, मला वाचायला लावला. तीनदा. मग पदराने पुसला. तसं पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

संध्याकाळी त्या भाजी निवडत म्हणाल्या, "मग आता काय करायचा?"

खरंच. मला वाटलं होतं काहीतरी हलकं होईल. दोन महिने तो शब्द होता, तोवर रोज काहीतरी करायचं होतं. आता दादा नुसता नाही.

४ मे

आज चंद्रकांताबाईंच्या दारापर्यंत गेलो. आत बोलावलं. केस बोटाच्या पेराएवढे पण नाहीत, तरी म्हणाल्या, बरा दिसतोस.

८ मे, रविवार

देवू आला होता. नोकरी सोडली म्हणाला. अंगणातच उभा राहिला, ओटीवर चढला नाही.

म्हणाला, अपघाताआधी तीन दिवस झडप गळत होती. त्या वाफेत शुद्धीवर कोणी वर चढेना. "साहेबाच्या गाडीतना बाटली आली, भाऊ. पी म्हनले न् चढ म्हनले. चढायची पाळी माजी व्हती. दादा म्हनला, तुजा आत्ताच लगीन झालाय, तू खाली ऱ्हा. माज्या वाटची पन त्यानंच पिली. डोले मिटून, अवशद पितात तशी."

देवूने पुढचंही सांगितलं. तपासाला आलेला ठाण्याचा माणूस एकच प्रश्न धरून बसला होता - फाटकावर सगळ्यांची झडती, मग दारू आत आली कोणाच्या गाडीतून? साहेबांनी त्याला माझा कागद दाखवला. दारू नव्हतीच, सख्ख्या भावाचीच सही आहे. तो दुसऱ्या दिवशी गेला.

साहेबांना गुंतवणारा तेवढाच एक शब्द होता. तो मी खोडून दिला.

वहिनी आतून विचारतायत - कोण आला होता, भावोजी?